'ब्लॉक झालंय' म्हणजे नक्की काय झालंय?

गेल्या मंगळवारी आईचं बँकेतलं खातं ब्लॉक झालं. झालं, म्हणजे आपसूक झालं. सकाळ होते, सर्दी होते, तसं. कुणी केलं, कशासाठी, किती दिवस, उघडणार कोण, यातलं काहीही त्या शब्दातून कळत नाही, आणि फोनवरच्या मुलाकडे तो सोडून दुसरा शब्द नाही.

"मॅडम, सिस्टीममध्ये ब्लॉक दाखवतंय."

अरे, पण म्हणजे काय?

"म्हणजे ब्लॉक आहे, मॅडम."

आई ७४ वर्षांची. पेन्शन याच खात्यात जमा होते. मी घाबरून तिला सांगितलं तर ती म्हणाली, "आपला ब्लॉक? काय झालं आपल्या ब्लॉकला? गळतंय का परत?" तिचं बरोबरच होतं. तिच्या लेखी ब्लॉक म्हणजे डोंबिवलीतली जागा, संडास-बाथरूम आत असलेली. १९८१ साली गिरगावातल्या चाळीतून आम्ही "ब्लॉकमध्ये" राहायला आलो, हे ती अजून पाहुण्यांना सांगते. ज्या शब्दाने तिला स्वतःचं दार मिळालं, तोच आता तिच्या तोंडावर दार आपटायला वापरतात.

बरं, या ब्लॉकच्या पोटात काय काय असतं बघा. पिन तीनदा चुकला की कार्ड अडतं, बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी चालायला लागतं. कार्ड हरवल्याचं कळवलं की ते कायमचं रद्द, नवीन मागवायचं. दोन वर्षं खात्यावर व्यवहारच केला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ते निष्क्रिय. कोर्टाचा किंवा तपास यंत्रणेचा आदेश आला तर खातं गोठवतात. केवायसीचे कागद राहिले तर व्यवहार थांबवतात. दुखणी पाच, उपायही पाच. एकात नुसतं उद्यापर्यंत थांबायचं, एकात आधार-पॅन घेऊन धावायचं, एकात वकील गाठायचा. आणि या पाचही रोग्यांना सांगतात काय? ब्लॉक! डॉक्टरने प्रत्येकाला "तुम्हाला आजार आहे" एवढंच सांगून घरी पाठवावं, तसलं हे.

धाकटा भाऊ म्हणतो, भाषेचं काय घेऊन बसलीस, काम झाल्याशी मतलब. काम होत नाहीये म्हणून तर भाषा घेऊन बसलेय! "गोठवलं" म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो, कुणाच्या आदेशाने? "मज्जाव केला" म्हटलं की मज्जाव करणारा समोर उभा राहतो. "ब्लॉक झालंय" म्हटलं की समोर कुणीच नसतं. भांडणार कुणाशी, सिस्टीमशी?

आणि आपल्याकडे शब्दांचा दुष्काळ आहे म्हणावं तर तसंही नाही. नाक चोंदतं, गटार तुंबतं, बीळ बुजवतात, वाट अडवतात, वाहतुकीची कोंडी होते. पोलीस नाकाबंदी करतात. जमावबंदीत घोळका करायचा नाही, संचारबंदीत बाहेरच पडायचं नाही, हे शाळकरी पोराला कळतं. राळेगणसिद्धी, हिवरे बाजारसारख्या गावांनी चराईबंदी केली, कुऱ्हाडबंदी केली. शब्दातच लिहिलंय, गुरं सोडायची नाहीत, झाड तोडायचं नाही. मालकाने गिरणीला कुलूप घातलं की ती टाळेबंदी, कामगारांनी काम थांबवलं की संप. दार कोणत्या बाजूने बंद झालं, ते ऐकताक्षणी समजायचं. (२०२० मध्ये तीच टाळेबंदी अख्ख्या देशाला लावली, ते सोडा.) अडवणंसुद्धा नेहमी वाईटच असतं असं नाही, "पाणी अडवा, पाणी जिरवा" भिंतीभिंतीवर लिहिलेलं वाचत आपण मोठे झालो. आता माझ्या भाचीचं नाक ब्लॉक, मोरी ब्लॉक, रस्ता ब्लॉक आणि मैत्रीणही ब्लॉक.

शेतकऱ्याची वाट शेजाऱ्याने अडवली तर निदान मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ आहे. कलम ५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करायचा, तहसीलदार जागेवर येऊन पाहतो, पंचनामा होतो. वेळ लागतो, चपला झिजतात, सगळं मान्य. पण अडवणारा कोण आणि अडथळा काढायला सांगणारा कोण, दोघंही कागदावर असतात. १९०६ चा कायदा आहे हा, इंग्रजांच्या काळातला!

इतकंच काय, मला रविवारच्या मेगाब्लॉकचासुद्धा पुळका यायला लागलाय. आयुष्यभर त्याला शिव्या घातल्या, अर्धी लग्नं त्याच्यापायी बुडवली. पण तो बिचारा आदल्या दिवशी पेपरात सांगून येतो. कुठून कुठे, धीम्या मार्गावर की जलद, किती वाजल्यापासून कितीपर्यंत. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस ठाण्यात ६३ तासांचा ब्लॉक घेतला होता, लोकांचे हाल झाले, पण ५ नंबरचा फलाट रुंद करायचाय हे माहीत होतं. मुळात रेल्वेच्या भाषेत ब्लॉक म्हणजे रुळाचा ठरावीक टप्पा, त्यात एका वेळी एकच गाडी, म्हणजे टक्कर होत नाही. माणसं वाचवायला आणलेला शब्द. बँकेच्या फोनवर पोचेपर्यंत त्याचं काय झालं ते बघा.

तर, पाच दिवस, तीन खेपा. पहिल्या खिडकीवर "इथे नाही". दुसऱ्या खेपेला साहेब जेवायला गेलेले. तिसऱ्या खेपेला एका मुलीने जरा खाली स्क्रोल केलं आणि म्हणाली, "अय्या, केवायसी अपडेट नाहीये यांचं." एवढंच! आधारची झेरॉक्स, पॅनची झेरॉक्स, एक फोटो आणि अर्ज. हे वाक्य पहिल्या दिवशी फोनवर सांगितलं असतं तर ७४ वर्षांच्या बाईला तीनदा रिक्षात कोंबावं लागलं नसतं.

मी तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला. विषय: व्यवहार थांबवलेले खाते पूर्ववत सुरू करण्याबाबत. मुलीने वाचला, पेन टेकवून थांबली.

"हे काय लिहिलंत, ताई? ब्लॉक लिहा ना, साहेबांना पटकन कळत नाही."

खोडून ब्लॉक लिहिलं. आईने चष्मा लावला, खाली सही केली, आणि पत्त्याच्या जागी तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं, ब्लॉक नं. ७, दुसरा मजला, डोंबिवली पूर्व.