खून झालाय, आणि या बाईला स्पर्धेतला नंबर गेल्याचं दुःख!

इंग्रजी रहस्यकादंबऱ्यांची नायिका ॲगाथा रेझिन प्रत्यक्षात शेजारी म्हणून मला अजिबात चालली नसती. वय त्रेपन्न, तोंडाळ, हट्टी, हातात सिगारेट, स्वयंपाकाच्या नावानं बोंब आणि हार कशी ती सोसत नाही. पण ठाण्यातल्या एका किलोवर पुस्तकांच्या प्रदर्शनात तिचा पहिला भाग हाती लागला, आणि सध्या लोकलमध्ये मी तिच्याच नादी लागलेय. परवा मुलुंडला एकटीच खिदळले. समोरच्या ताईंनी पर्स जरा जवळ ओढून घेतली.

लेखिका एम. सी. बीटन. खरं नाव मॅरियन चेस्नी, मूळच्या ग्लासगोच्या, पत्रकारिता केलेल्या. २०१९ मध्ये गेल्या. मालिका १९९२ ला सुरू झाली. ॲगाथा लंडनमधली आपली जाहिरात-प्रसिद्धीची कंपनी विकून इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड्स भागातल्या कार्सली नावाच्या चित्रासारख्या गावात राहायला येते. गाव गोड बोलतं, पण हिला कुणी विचारत नाही. मग छाप पाडायला बाईसाहेब गावच्या कीश स्पर्धेत उतरतात. (कीश म्हणजे मैद्याच्या पारीत अंडी, क्रीम वगैरे घालून भाजलेला खारा पदार्थ.) करता तर काहीच येत नाही. मग लंडनहून विकतची कीश आणायची, दुकानाचं वेष्टन काढायचं आणि स्वतःची म्हणून मांडायची. नंबर येत नाहीच, वर तीच कीश खाऊन परीक्षक मरतो. आता संशयातून सुटायचं तर ती विकतची होती हे कबूल करायला हवं. म्हणजे मान सुटते आणि अब्रू जाते.

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत गणपतीत पाककला स्पर्धा असते. तिथे परीक्षक काकू साच्याची रेघ दिसतेय का म्हणून उकडीचा मोदक फिरवून फिरवून बघतात. त्या नजरेखाली एकदा उभं राहिलेल्या कुणालाही ॲगाथाची धडधड समजावून सांगावी लागणार नाही. आणि गंमत म्हणजे बीटनबाईंनी स्वतःच हा उद्योग केला होता! मुलाच्या शाळेनं घरी केलेलं काहीतरी मागितलं, यांनी विकतच्या कीश आणून वेष्टनं काढून दिल्या. त्याचं कौतुकही झालं म्हणे.

रहस्य म्हणाल तर बेताचंच. खुनी आधी ओळखू येतो किंवा शेवटी कुठून तरी उपटतो. शेजारच्या जेम्स लेसीसाठी हिचं झुरणं तर पुढे पुढे मी सरळ पानं उलटून टाळते. तरी पुढचा भाग उघडतेच, कारण ही बया हुशार नाही, चिवट आहे. भिंगातून राख बघून निष्कर्ष काढणं तिला जमत नाही. ती थेट कुणाच्या तरी दारात जाते, एक धडधडीत थाप मारते, समोरच्याला डिवचते, आणि चिडलेला माणूस नको ते बोलून बसतो. पोलिसातला बिल वाँग तिला ‘यात पडू नका’ म्हणून सांगून थकतो. आणि हे सगळं कशापायी? न्यायाची चाड वगैरे नंतर. आधी एकटेपणा. खून झाला की निदान लोक हिच्याशी बोलतात तरी. मला ही मालिका आवडली ती इथे. लेखिका हे कुठेही गळा काढून सांगत नाही, तुम्ही हसत असता आणि मध्येच लक्षात येतं.

आपल्याकडे आधीची पिढी बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडवर पोसली. ते सगळे धाडसी पुरुष. आणि कुठल्या मजल्यावर कुरियरवाला किती वेळ थांबला याची खडान्‌खडा माहिती असलेल्या काकू मात्र गोष्टीत येतात त्या दोन विनोदी वाक्यं बोलून जायला. अशा काकूंच्या हातात अख्खा तपास दिलेली कादंबरी माझ्या वाचनात तरी नाही. कुणी लिहीत असेल तर सांगा, मी ठाण्यातल्या सोसायट्यांचा लागेल तेवढा कच्चा माल पुरवीन.

यावर टीव्ही मालिकाही आहे, ॲशली जेन्सनची. तिचं काम झकास आहे. पण तिथली ॲगाथा सडपातळ, सोनेरी केसांची आणि जरा गोडच करून टाकलीय. पुस्तकातली बारीक डोळ्यांची, कुणाला आवडो न आवडो अशी बाई त्यात हरवते. त्यामुळे आधी पुस्तक वाचा. माझी प्रत सध्या बी विंगमधल्या वहिनींकडे आहे, त्यांच्यानंतर नंबर लावा.