स्टिअरिंग रडतंय? रडू द्या!

सकाळी गाडी काढताना बॉनेटखालून 'घूंऽऽ' असा आवाज येतो, स्टिअरिंग वळवलं की चढतो आणि सरळ केलं की बसतो? घाबरू नका. आवाजाला घाबरणारा माणूस मुंबईत दोन दिवस टिकायचा नाही. रेडिओ लावा, पुरला नाही तर आणखी मोठा करा. ऐकू येईनासं झालं की समजा, दुरुस्ती झाली आणि तीही फुकटात.

काही आगाऊ लोक सांगतील की पॉवर स्टिअरिंगचा पंप इंजिनाच्या बेल्टवर फिरतो, टाकीतलं ऑइल ओढतो आणि जबर दाबाने चाकं वळवणाऱ्या रॅककडे धाडतो. ऑइल कमी पडलं की त्यासोबत हवा ओढली जाते आणि तो कण्हायला लागतो. म्हणून आधी झाकण उघडून बघा म्हणे! मुळीच बघू नका. टाकीवर किमान-कमाल अशा दोन खुणा असतात. त्या पाहिल्या की कमी आहे हे कळतं, आणि कळलं की काहीतरी करावं लागतं.

ऑइल जातं कुठे, हा प्रश्नही पडू देऊ नका. बऱ्याच गाड्यांत हे ऑइल लाल असतं आणि त्यातच आपलं कल्याण आहे. आमच्या लालबागच्या सोसायटीत माझ्या पार्किंगच्या लादीवर रोज सकाळी रुपयाएवढा लाल डाग दिसायचा. मी सेक्रेटरींकडे तक्रार केली, रात्रपाळीच्या वॉचमनला चार शब्द सुनावले, आणि 'येथे पान खाऊन थुंकू नये' अशी पाटी स्वतःच्या खर्चाने भिंतीवर लावली. तीन आठवडे वॉचमन माझ्याशी बोलला नाही. पुढे त्यानेच एकदा गाडीखाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, तुमची गाडीच पान खाते." तुमच्या वॉचमनला वाकता येत नसेल तर तुम्ही नशीबवान.

आता टाकी भरायचीच वेळ आली, तर कुठलं ऑइल हे झाकणावरच छापलेलं असतं. ते वाचायला झाकणावरची धूळ पुसावी लागेल, तेव्हा राहू द्या. घरात उरलेलं जे असेल ते ओता. ब्रेक ऑइल मिळालं तर सोन्याहून पिवळं! त्याने आतली रबरी सीलं फुगतात, मऊ पडतात, आणि एका सीलवर भागलं असतं तिथे पंप, पाइप, रॅक असा सगळा संसार नव्याने मांडायचा योग येतो. गॅरेजवाल्याच्या पोराबाळांचा दुवा लागेल.

पंपाला लवकर मोक्ष द्यायचा असेल तर दादरच्या एखाद्या गल्लीत, दोन गाड्यांच्या मधल्या फटीत पार्किंग करा. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून तिथेच दाबून धरा आणि बायकोला फोन लावून विचारा, कोथिंबीर आणायची का. चाक शेवटाला टेकलं की दाब शिगेला पोचतो, आतला जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल जागच्या जागी घुसळून तापत राहतं. शहाणे लोक शेवटाला टेकवून लगेच किंचित मागे घेतात. त्यांचे पंप वर्षानुवर्षं टिकतात, मग नवीन काही घेण्याचा आनंद त्यांना कुठून मिळणार?

पावसाळ्यात हिंदमाताच्या पाण्यातून गाडी काढलीत की 'घूंऽऽ'च्या जोडीला 'चींऽऽ' येईल. तो ओला, ढिला बेल्ट. पंपाचं गळकं ऑइल त्याच बेल्टवर पडत असेल तर दुधात साखर, कारण कित्येक गाड्यांत तोच बेल्ट बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही फिरवतो. स्टिअरिंग आणि बॅटरी एकाच दिवशी गेल्या तर गॅरेजची एक खेप वाचते.

शेवटी स्टिअरिंग दगडासारखं जड होईल. त्यात काय मोठंसं? चाकांशी त्याचा सांधा शाबूत असतो, जोर तेवढा तुमचा लागतो. क्रायस्लरने 1951 साली इम्पीरियलमध्ये पॉवर स्टिअरिंग आणलं तेव्हा लोकांना कौतुक वाटलं असेल, पण आपल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी 2023च्या ऑक्टोबरपर्यंत त्यावाचून मुंबईभर वळल्याच ना? त्या टॅक्सीवाल्यांचे दंड आठवा. जिमची फी वाचली.

घरच्यांनी अगदीच धोशा लावला तर जुन्या पार्टांच्या दुकानांचा कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच. (हे नाव स्टेशनचं नव्हे, जुन्या सेंट्रल साल्सेट ट्रामवेचं, हे तिथे सांगून बघा, भाव एक पैशाने उतरत नाही.) सील किट विचारू नका, त्यात इभ्रत जाते. थेट पंप मागा. "चालू गाडी से निकाला है साब," हे वाक्य ऐकलं की पैसे काढा. पुली, म्हणजे बेल्टचं चाक, हाताने हलवून आतला दांडा म्हणजे शाफ्ट लटपटतोय का, हे बघणं म्हणजे त्या सज्जनावर अविश्वास. माझे एक मेहुणे तर ज्या गाडीत इलेक्ट्रिक स्टिअरिंग आहे, म्हणजे ऑइल नाही, पंप नाही, नुसती मोटर, तिच्यासाठी पंप घेऊन आले. दोन दुकानांत भाव करून!

बसवायचं काम कोपऱ्यावरच्या पोराला द्या. पुली काढायला पुलर लागतो. त्याच्याकडे हातोडी असते. ठोकाठोकीत नव्या पंपाचा शाफ्ट आणि बेअरिंग दोन्ही धन्य होतात. जुनं ऑइल काढून टाकी, पाइप धुवायला सांगू नका. जुन्या पंपाने झिजून सोडलेला लोखंडाचा चुरा नव्याला वारसाहक्काने मिळायलाच हवा. राहता राहिली हवा काढणं. पुढची चाकं जॅकवर उचलायची, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवायचं, मध्ये मध्ये ऑइल भरायचं, बुडबुडे थांबले की मग इंजिन सुरू करायचं. एवढा वेळ चहा गार होतो. सरळ चावी मारा. टाकीत फेस आला, पंप पहिल्यासारखाच कण्हला, तर पोरगं तोंड पाडून सांगेल, "नवीन पण खराब निघाला." मान डोलवा आणि पुन्हा कुर्ल्याला जा.

तिसऱ्या खेपेला मी कंटाळून खोक्यातला, कोरा पंप घेतला. सोबत प्लॅस्टिकच्या पुडीत गळती रोखणारे तांब्याचे दोन वायसर होते, प्रेशर पाइपच्या बोल्टला वर एक, खाली एक. पोराने जुनेच दाबून बसवले. "चालतंय साहेब, ते जादाचे आहेत," म्हणाला. मीही पुडी जपून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकली. काल सकाळी लादीवर पुन्हा लाल ठिपका होता. वॉचमनने फडकं ओलं करून पाटी पुसायला घेतली होती.