दुधाचे दात पडणारच आहेत म्हणे!

साथीची कुठं जरा बातमी आली की आमच्या विश्रामबागेतल्या ग्रुपवर तोच जुना मेसेज परत फिरायला लागतो. "साथ संपेपर्यंत मुलांना डेंटिस्टकडे नेऊ नका, डब्ल्यूएचओचा इशारा! मशीनच्या फवाऱ्यातून व्हायरस पसरतो. दुधाचे दात काय, पडणारच आहेत. दुखलं तर लवंगेचं तेल नाहीतर अँटिबायोटिक द्या. खेळताना दात पडला तरी नवीन येतो." खाली सगळ्यांचे हात जोडलेले. मी सांगलीत दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे, 2020 चं कोरोनाचं अख्खं वर्ष पीपीई किटमध्ये घामानं निथळत काढलंय, त्यामुळं गप्प बसवत नाही.

आधी डब्ल्यूएचओ. ऑगस्ट 2020 मध्ये त्यांनी सांगितलं ते एवढंच की जिथं साथ जोरात आहे तिथं रुटीन चेकअप, क्लीनिंग, दात चमकवणं असली कामं पुढं ढकला. तातडीची ट्रीटमेंट, असह्य दुखणं वगैरे, हे बघायचंच, असंही त्यातच होतं. ते वाक्य वाटेत कुणी खाल्लं काय माहीत.

फवाऱ्याचं मात्र खरं आहे, उगाच नाही म्हणणार नाही. एअरोटर, म्हणजे दात कोरायचं मशीन, मिनिटाला 3 लाखाच्या वर फेरे घेतो, त्यावर थंड पाण्याचा मारा, तोंडातली लाळ बारीक तुषार होऊन हवेत जाते. पण मुलांच्या दाताला दरवेळी एअरोटर लागतो हे कुणी सांगितलं? कीड हातातल्या चमच्यासारख्या हत्यारानं खरवडून काढायची आणि ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचं, झालं. नाहीतर दाढ न घासताच वरून स्टीलची कॅप दाबून बसवायची, कीड आतच कोंडून मरते. आणि एक औषध येतं, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, थेंबभर लावलं की कीड बहुतेक वेळा तिथंच थांबते, फक्त किडलेला भाग काळा पडतो. पाण्याचा फवारा नाही, मशीनचा आवाज नाही. अगदीच मशीन लागलं तर रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवायचा रबरी पडदा), लाळ-पाणी ओढणारं मोठं सक्शन, एसी बंद, खिडक्या सताड उघड्या, आणि दोन पेशंटमध्ये मोकळा वेळ.

आता "पडणारच आहेत" बद्दल. जून 2020, तासगावकडचा सहा वर्षांचा पोरगा, डावा गाल पेरूएवढा सुजलेला, वडील गाडीवर पुढं बसवून घेऊन आलेले. असलाच एक मेसेज वाचून तीन आठवडे घरी थांबले होते, लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून ठेवून हिरडी पांढरी पडून सोलली होती. अँटिबायोटिकचा कोर्सही उरलेल्या गोळ्यांचाच. अहो दाढेच्या मुळाशी पू असेल तर गोळीनं सूज दबते, मूळ कारण तिथंच राहतं, दोन दिवसांनी परत दुप्पट. (आणि मोठ्यांची ॲस्पिरिन पोरांना चुकूनही नको.) किटमधली आम्ही माणसं बघून पोरगा किंचाळायला लागला, तेव्हा डॉक्टर लांबूनच म्हणाल्या, "काल फोनवर तुझ्या सशाचं नाव विचारणारी मावशी मीच." मग तोंड उघडलं. ती दाढ काढावी लागली. उजवीकडच्या दाढेची कीड वरवरची होती, तिला ते काळं करणारं औषध लावलं, तर आजी आमच्यावरच चिडल्या, नातवाचं तोंड काळं केलं म्हणून.

ती काळी दाढ पुढं पाच वर्षं भाकरी चावत होती. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात, तोवर पक्क्या दातांची जागा त्याच धरून ठेवतात. डावीकडे जागा आखडू नये म्हणून वेगळी तार बसवावी लागली ती लागलीच. शिवाय सहाव्या वर्षी सगळ्यात मागं जी नवी दाढ येते ती दुधाची नसतेच, आयुष्यभराची असते, आणि कितीतरी आया तिलाच दुधाची समजून किडू देतात.

घरी काय करायचं ते सोपं आहे. फ्लोराइडची पेस्ट, तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढं वाटाण्याएवढी, रात्री घासल्यावर दुधाची बाटली बंद. काही वाटलं तर आधी फोन, जमलं तर टॉर्च मारून फोटो पाठवायचा, निम्म्या लोकांना यावंच लागत नाही.

आणि तो शेवटचा "नवीन येतो"वाला शहाणपणा. दुधाचा दात पडला तर परत बसवत नाहीत, खरं. पण आठ-नऊ वर्षांच्या पोराचा समोरचा दात पक्का असतो, तो उपटून आला तर त्याचं मूळ धरू नका, पांढरा भाग धरा, घासू नका, वाटीभर गार दुधात टाका, चितळेंचं असो की गल्लीतल्या गवळ्याचं, आणि पोराला आणि वाटीला घेऊन तासाच्या आत या.