नुसतं गोड बोलायला शिकवत नाहीत हो!

एका लेखात वाचलं की भाषण-संवाद, म्हणजे बोलणं, ऐकणं, चर्चा करणं शिकवणारा अभ्यास, हा पदवीचा विषय होऊ शकत नाही, बोलायला तर सगळ्यांनाच येतं. अहो, लिहायलाही येतं की सगळ्यांना. अमेरिकेत हा वाद शंभर वर्षांपूर्वीच झाला. 1914 मध्ये सतरा प्राध्यापक इंग्रजी शिक्षकांच्या परिषदेतून बाहेर पडले आणि भाषण शिकवणाऱ्यांची वेगळी संघटना काढली. पुढं तिथल्या विद्यापीठांत याचे स्वतंत्र विभाग वाढत गेले.

मी कोल्हापूरची. कॉलेजात वक्तृत्व स्पर्धांचे ढीगभर कप मिळवले, सगळी भाषणं पाठ करून. विषय कुठलाही असो, सुरुवातीचा शेर तोच! बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी भाषण-संवादाच्या मॅडमनी तीन मिनिटं आयत्या वेळी बोलायला लावलं आणि ते मोबाईलवर रेकॉर्ड करून मलाच ऐकवलं. 'म्हणजे' एकवीस वेळा! पोडियमची कड अशी धरलेली की बोटं पांढरी पडलेली. त्या दिवशी कळलं की आपण आजवर फक्त म्हणत होतो, कुणाला काही सांगत नव्हतो.

मग त्यांनी आम्हाला शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा ऐकायला धाडलं. (घरी आईचा प्रश्न: "ह्यासाठी फी भरलीया व्हय?") कोण कुणाकडं बघतोय, कुठं थांबतोय, आकडा कधी चढ्या आवाजात येतोय, एवढंच टिपायचं. पाच पानं भरली. निवेदन, गटचर्चा, मुलाखत हे सगळं नंतर आलं, पण ऐकायला मी तिथं शिकले.

लेखकाचा एक मुद्दा मात्र खरा, मराठीतून धड पाठ्यपुस्तकं मिळत नाहीत. आम्ही झेरॉक्सवरच दिवस काढले.