रिकामी इमारत आणि अपुरी इमारत

आपली सविस्तर प्रतिक्रिया मिळाली. डच वास्तुरचनाकार हर्मन हर्ट्सबर्गर यांच्यावरील माझ्या लेखातील ‘अशी इमारत जुनी होत नाही’ या वाक्यावर आपण नेमके बोट ठेवले आहे. आपला पहिला आक्षेप असा, की ज्या इमारतीच्या आधारावर मी ते वाक्य लिहिले, ती हर्ट्सबर्गर यांनीच आखलेली, नेदरलँड्समधील आपेलडोर्न येथील सेंट्राल बेहेर या विमा कंपनीची कचेरी कंपनीने २०१३ मध्ये सोडली आणि पुढे कित्येक वर्षे ती रिकामी पडून राहिली. तेव्हा माणसांना सामावून घेण्याच्या गोष्टी करणाऱ्या विचाराचा हा पराभवच नव्हे काय? दुसरा आक्षेप असा, की ‘इमारत वापरणाऱ्याने पुरी करावी’ असे सांगणारा हा गृहस्थ कठड्याची रुंदी आणि पायरीची उंचीसुद्धा स्वतःच ठरवतो, म्हणजे स्वातंत्र्य देण्याचा नुसता देखावा करतो.

ते वाक्य मी मागे घेतो. ते उत्साहाच्या भरात लिहिले गेले होते आणि खरे पाहता हर्ट्सबर्गर यांचा तसा दावाही नाही.

१९७२ मध्ये पुरी झालेली ही कचेरी सुमारे हजार कर्मचाऱ्यांसाठी बांधलेली होती. नऊ मीटर बाजूचे चौरस मजले एकमेकांपासून थोडे अंतर राखून रचायचे, मधल्या फटींतून छतावरचा उजेड खालपर्यंत उतरू द्यायचा आणि भिंतींचे काँक्रीटचे ब्लॉक गिलावा न करता उघडेच ठेवायचे, अशी तिची रचना. ब्लॉकचा तो करडेपणा अनेकांना उदास वाटला. पण तो मुद्दाम ठेवलेला होता, कारण कुंड्या, चित्रे, घरून आणलेल्या वस्तू यांनी आपापला कोपरा सजवणे हे कर्मचाऱ्यांचे काम मानले होते, आणि त्यांनी ते मनापासून केले. प्रश्न विमा कंपनीच्या सोयीचा नसून टेबलापाशी बसणाऱ्या माणसाचा होता. कंपनीने जागा सोडली, या घटनेने मालकाच्या गरजा बदलल्या एवढेच सिद्ध होते. त्या टेबलापाशी चाळीस वर्षे बसलेल्या माणसांविषयी ती काहीच सांगत नाही.

तरीही आपल्या आक्षेपातला एक भाग उरतोच, आणि तो मी टाळणार नाही. ज्याला सलग, अखंड मजला हवा आहे त्याला नऊ मीटरचे ते चौरस काहीही केले तरी तसा मजला देऊ शकत नाहीत. शिवाय चारही बाजूंनी आत शिरता येणाऱ्या या इमारतीला ठसठशीत असा मुख्य दरवाजाच नव्हता. आलेल्या पाहुण्याने नेमके कोठून आत जावे, ही अडचण खरी होती, आणि १९९५ च्या विस्तारात हर्ट्सबर्गर यांनी स्वतःच प्रवेशासाठी मोठे दालन उभारून एका अर्थी ती मान्य केली. (टीकाकारांनी हे फारसे लक्षात घेतलेले दिसत नाही, चाहत्यांनी तर मुळीच नाही.)

इमारत रिकामी होण्याबद्दल हर्ट्सबर्गर यांचा स्वतःचा आवडता दाखला फ्रान्समधील आर्ल आणि इटलीतील लुक्का येथील रोमन रंगमंडलांचा, म्हणजे खेळांसाठी बांधलेल्या लंबवर्तुळाकार प्रेक्षागारांचा आहे. खेळ संपले, साम्राज्य गेले. आर्लच्या रंगमंडलात मध्ययुगात तटबंदीचे गाव वसले, लुक्कामध्ये त्याच लंबवर्तुळावर घरे उभी राहिली. पुढे आर्लचे रंगमंडल मोकळे करण्यात आले, लुक्काची घरे मात्र तशीच राहिली. रूप तेच, अर्थ दर वेळी वेगळा. आपेलडोर्नच्या कचेरीचे घरांत रूपांतर करण्याचे प्रस्ताव या संदर्भात पाहण्यासारखे आहेत. अर्थात रोमन रंगमंडलांच्या वाट्याला शतके आली होती, आणि आजचा जमीनमालक तितका वेळ थांबत नाही.

आता दुसरा आक्षेप. मला तो अधिक वजनदार वाटतो.

हर्ट्सबर्गर यांनीच आखलेल्या, डेल्फ्ट या डच शहरातील मॉन्टेसरी शाळेकडे पाहा. तिचे काम १९६० मध्ये सुरू झाले, पहिला टप्पा १९६६ मध्ये पुरा झाला आणि नंतर ती अनेकदा वाढवली गेली. तिच्या दालनाच्या मधोमध विटांचा एक चौथरा आहे. तो हलवता येणारा असावा, म्हणजे जागा मोकळी करता येईल, असे कोणालाही सुचेल. पण तो पक्का आहे आणि वाटेत आहे. म्हणूनच मुले त्यावर चढतात, कडेला बसतात, त्याचे टेबल करतात, आणि त्यातून लाकडी भाग बाहेर ओढले की त्याचा रंगमंच होतो. लहान मुलांच्या दालनात याच्या उलट रचना आहे: जमिनीत एक चौकोनी खड्डा आणि त्यात लाकडी ठोकळे. ठोकळे बाहेर काढले की बसायला आसने मिळतात आणि आत उतरायला जागाही होते. येथे रचनाकाराने सर्व काही ठरवले आहे, हे आपले म्हणणे बरोबर आहे. फक्त चौथऱ्याचे काय करायचे, ते त्याने ठरवलेले नाही.

हर्ट्सबर्गर लवचीकता आणि अनेकार्थता (म्हणजे ठरलेले रूप न बदलता त्याचे निरनिराळे उपयोग होऊ शकणे) यांत जो भेद करतात, तो येथे उपयोगी पडतो. कोणत्याही कामाला चालेल अशी जागा बहुधा कोणत्याच कामाला धड चालत नाही, म्हणून लवचीकतेवर त्यांचा विश्वास नाही. सपाट, रिकामे दालन स्वातंत्र्य देते असे आपण समजतो. प्रत्यक्षात तेथे माणूस भिंतीला पाठ लावून उभा राहतो. त्यांनी रूपाची तुलना वाद्याशी केली आहे, आणि ते स्वतः पियानो वाजवतात हे लक्षात घेतले तर ती तुलना उसनी वाटत नाही. पियानोच्या पट्ट्या ठरलेल्या आहेत म्हणून वादक पारतंत्र्यात आहे, असे आपण म्हणत नाही.

त्यांनी डेल्फ्टमध्येच बांधलेली डियागोन ही आठ घरे या विचाराची अधिक कठोर परीक्षा आहेत. त्यांत जिना आणि स्वयंपाकघर-न्हाणीघर यांचे दोन गाभे तेवढे कायम ठेवून, अर्ध्या-अर्ध्या उंचीवरचे मजले कशासाठी वापरायचे ते रहिवाशांवर सोपवले होते. असे अर्धे घर हाती घेऊन ते पुरे करायला सवड, आत्मविश्वास आणि थोडा पैसा लागतो. ज्याच्यापाशी हे नाही त्याच्यासाठी अपुरे घर म्हणजे केवळ अपुरे घर, हा आक्षेप आपण घेतला नाहीत. मी तो स्वतःच नोंदवतो.

आणखी एक दाखला आपल्या बाजूचा आहे. उट्रेख्त येथे १९७९ मध्ये उघडलेल्या फ्रेडेनबुर्ख संगीतगृहात त्यांनी सभागृहाभोवती दुकाने आणि रहदारीच्या वाटा गुंफल्या होत्या, म्हणजे संगीताचे मंदिर न होता ते शहराचाच एक भाग व्हावे. २०१४ मध्ये तेथे टिव्होलीफ्रेडेनबुर्ख हे नवे संकुल उभे राहिले, तेव्हा हा सगळा सैल, अनेकार्थी परिसर पाडला गेला आणि टिकले ते फक्त सुमारे १,७०० आसनांचे मोठे सभागृह, म्हणजे एकाच कामासाठी अत्यंत काटेकोरपणे घडवलेला भाग. नव्या संकुलाचा आराखडाही हर्ट्सबर्गर यांच्याच कार्यालयाचा होता. याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही. सभागृहात श्रोते रंगमंचाला चहूबाजूंनी वेढून, एकमेकांना पाहत बसतात, आणि डेल्फ्टच्या चौथऱ्याभोवती मुलेही नेमकी तशीच बसतात, एवढेच मला दिसते.