कुठं डसलं?

गुडघ्याची लिगामेंट शिवून सहा आठवडे झाले. कशी तुटली ते विचारू नका, पन्नाशीतल्या माणसाने बॉक्स क्रिकेटमध्ये चोरटी धाव घेऊ नये एवढंच. आमच्या फिजिओचं सेंटर गंगापूर रोडला, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. गुडघ्याच्या पेशंटांना दोन जिने!

मांडी वाळून काटकी झालेली, जड वजन उचलायला इतक्यात बंदी. म्हणून काल मांडीच्या मुळाशी बीपीसारखा पट्टा आवळला. रक्त पूर्ण थांबतं तो दाब आधी मोजायचा आणि त्याच्या साधारण ६० टक्क्यांवर हवा भरायची. परतीचं रक्त तुंबतं आणि स्नायूची समजूत होते की आपण पोतं उचलतोय. प्रत्यक्षात पायाला दोन किलो! आधी ३० वेळा, मग १५-१५-१५, मध्ये ३० सेकंद. जपानच्या योशिआकी सातोंना ही कल्पना १९६६ साली एका बौद्ध विधीत सुचली म्हणे, गुडघे दुमडून बसल्यावर पायांना मुंग्या आल्या तेव्हा. आपल्याकडे सत्यनारायणाला पिढ्यान्‌पिढ्या मुंग्या येताहेत, पण सुचलंय का कुणाला काही?

बाविसाव्या वेळेला मांडी पेटली, तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून आवाज आला.

"कुठं डसलं?"

"काय?"

"जनावर. पट्टा बांधलाय ना इख चढू नये म्हणून?"

बाबा पिंपळगावकडचे. वाटी बदललेली, टोपी जागेवर. मी दात-ओठ खात सगळं समजावलं.

"आसं व्हय! मंग हे गर्डलिंगच की!" बाबा उठूनच बसले. "आम्ही द्राक्षाला करतो. खोडाची साल गोल काढायची, पानातली साखर खाली मुळाकडं उतरत नाही, वर मणी फुगतो." मग आख्ख्या हॉलला, "ह्यांचं गर्डलिंग चाललंय!"

ट्रेडमिलवरच्या बाई चालायच्या थांबल्या. बाबांनी अंगठ्याने माझी मांडी दाबून पाहिली, घडातला मणी चाचपावा तशी.

"भरला नाही अजून."

राग कशाचा, तर फिजिओने इंग्रजीत दोनदा सांगून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते बाबांनी फुकटात शिरवलं. फिजिओने पट्ट्याचे वेगळे तीनशे लावले. पावतीवर कारण विचारलं तर म्हणे, इम्पोर्टेड आहे. त्या पैशातून लिफ्ट दुरुस्त करा की!

काठी टेकत जिन्याशी पोचलो, तर मागून काउंटरवरच्या मुलीने हाक मारली, "काका, उद्या गर्डलिंगला साडेपाच चालेल ना?"