दीड तासात दिल्ली? कुठल्या विमानाने?

काल माझे आई-बाबा दिल्ली विमानतळावर सहा तास बसून होते. आईचे गुडघे कामातून गेलेत, बाबांना डायबेटिस. आणि हे सगळं का, तर एका माणसाला वाटलं की पुणे-दिल्ली दीड तासाचं अंतर आहे!

धाकट्या बहिणीकडे डेहराडूनला निघाले होते, दिल्लीत विमान बदलून. तिकिटं काढून देणाऱ्या एजंटाने डेहराडूनचं स्वस्तातलं तिकीट आधी उचललं, साडेदहाचं, तेही पुणे-दिल्लीच्या तिकिटाला न जोडलेलं, वेगळं. मी विचारलं, मधला वेळ पुरेल ना? तर म्हणे, "ताई, टेन्शनच घेऊ नका. साडेअकराशे किलोमीटर, आठशेचा स्पीड. सातला निघाले की साडेआठला दिल्ली." भागाकार केला आणि मोकळा झाला! अहो, विमान काय पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून उडी मारून थेट आठशेवर जातं? ते गेटवरून मागे ढकलायचं, रनवेपर्यंत न्यायचं, तो रनवेही हवाई दलाचा, म्हणजे त्यांची विमानं आधी. मग वर चढायचं, आणि दिल्लीवर उतरायला रांग. म्हणून तर वेळापत्रकात सव्वादोन तास धरतात. गेट ते गेट. पुणे-दिल्ली कधीही केलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. ज्याचा धंदाच हा, त्याला नाही?

सव्वानऊला उतरले. बॅगा यायला अर्धा तास. पुढचं विमान टर्मिनल थ्रीवरून, हे उतरले टर्मिनल वनला. काउंटर साडेनऊलाच बंद. बॅगा हातात पडायच्या आधीच विमान हुकलेलं होतं! वेगळं तिकीट, त्यामुळे परतावा शून्य. दुपारी पावणेचारचं नवीन काढलं, दुपटीच्या भावात. मी इथे सिंहगड रोडवर फोन धरून, आई तिकडे सारखी म्हणतेय, "अगं, तू नको काळजी करू."

आमच्या घरातही हेच चालतं. दिरांनी दुबईच्या वेळी पोचायच्या वेळेतून निघायची वेळ वजा केली आणि पावणेदोन तासांत दुबई म्हणून सगळ्यांना सांगितलं. तिकडचं घड्याळ दीड तास मागे आहे, हे कोण धरणार? भाचा नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजतो. पृथ्वी गोल आहे रे बाबा! दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोचा जवळचा रस्ता उत्तरेकडून वळून जातो, तो सपाट कागदावर कसा दिसेल? लंडनला जाताना जास्त वेळ लागतो, येताना कमी. अंतर तेच. पश्चिमेकडून येणारा वारा भागाकारात कुठे बसवता? आणि इंटरनेटवरची ती अंतर सांगणारी पानं! पुणे-दिल्लीला एक 1155 किलोमीटर दाखवतं, दुसरं नुसतं 624. दुसरं नॉटिकल मैलांत (एक म्हणजे साधारण 1.85 किलोमीटर) आहे हे कुठेतरी मुंगीएवढ्या अक्षरांत.

शिवाय सकाळी सातच्या विमानासाठी आई-बाबा पहाटे चारला घरातून निघाले होते. नगर रोडचा भरवसा कोण देणार? ते तीन तास कुणाच्याच हिशोबात नाहीत.

आज सकाळी एजंटाचा मेसेज आला, "सॉरी ताई, दिल्लीला ट्रॅफिक असतं कधी कधी." कधी कधी!

परतीची तिकिटंही त्यानेच काढलीत. आत्ता उघडून बघितली. तीही वेगवेगळी, दिल्लीत मध्ये सव्वा तास. रद्द करायला बसलेय.